आत कोणी आहे का

आमच्या शेजारचे भाऊ उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर आहेत. सुट्टीच्या दुपारी ते एकच जुना इंग्रजी सिनेमा लावून बसतात. त्यात एका अंतराळयानात कसलंसं जनावर शिरतं आणि तिथल्या कामगारांना एकेक करून खातं. माझ्या पोरांना ते जनावर रबराचं वाटतं, ती हसतात. भाऊ जनावराकडे बघतच नाहीत. ते बघतात पाइप, वाफ आणि घामानं भिजलेली माणसं. "हे आकाश नाही सर, आपला प्लांट आहे," एवढंच म्हणतात.

एका जागी मात्र ते दरवेळी उठून उभे राहतात. एक कामगार आतच राहिलेला असतो आणि बाकीचे लोखंडी दार लावून घेतात. भाऊ टीव्हीलाच विचारतात, "आवाज काहून नाही देऊन राहिले? पहिले आवाज तं द्या."

परवा बिल्डिंगची पाण्याची टाकी धुऊन झाली. मी मोटर सुरू करायला गेलो, तर भाऊंनी माझं मनगट धरलं. टाकीच्या तोंडाशी वाकून त्यांनी तीनदा हाक मारली, "अंदर कोई है क्या?" टाकी धुणारे दोघंही आमच्या बाजूलाच हात पुसत उभे होते.

"भाऊ, दोघंही बाहेर आहेत," मी म्हणालो. "आतून आवाजही आला नाही."

"त्या दिवशी प्लांटातबी नव्हता आला," ते म्हणाले. माझं मनगट त्यांनी सोडलं नाही.