अर्जंटबाईंच्या कपाटातला शर्ट

वकिलातीत एक कुजबुज बरीच वर्षं चालू होती. अर्जंटबाईंच्या कपाटात म्हणे एका पुरुषाचा शर्ट आहे. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा. दर शुक्रवारी बाई तो पिशवीत घालून घरी नेतात, धुतात, इस्त्री करतात आणि सोमवारी परत आणून कुलपात ठेवतात. बाई बावन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या, घरी फक्त म्हातारी आई. आता तुम्हीच सांगा, माणसाने कुजबुजायचं नाही तर काय करायचं?

बाई बसायच्या तळमजल्यावर, तीन नंबरच्या खिडकीत. परक्या मुलखात आपल्या माणसाचा पासपोर्ट हरवला, चोरीला गेला, मालकाने दाबून ठेवला, की तो रडकुंडीला येऊन याच खिडकीशी उभा राहायचा. बाई त्याला घरी पोचण्यापुरता एक कागद करून द्यायच्या. एकदाच चालणारा, एकाच दिशेला नेणारा. कागदाचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक त्याला अर्जंट दाखला म्हणत, म्हणून बाई अर्जंटबाई. स्वभाव मात्र नावाच्या अगदी उलट. समोरचा हंबरडा फोडत असला तरी बाई आधी पाण्याचा पेला पुढे सरकवणार आणि विचारणार, "शेवटचं कधी जेवलात?" त्याचं उत्तर आल्याशिवाय पेनाचं टोपण निघत नसे.

शेजारची चार नंबरची खिडकी शिक्केमामांची. मधे प्लायवूडचा आडोसा. बाईंनी केलेल्या दाखल्यावर गोल शिक्का मारायचा, अर्धा फोटोच्या कोपऱ्यावर, अर्धा कागदावर, एवढंच मामांचं काम. उरलेला दिवस दुसऱ्यांच्या भानगडींना मोकळा. कुजबुजीचे जनक तेच. एकदा कपाट किलकिलं असताना त्यांना निळी बाही दिसली होती, आणि त्या बाहीवरून त्यांनी अख्खा माणूस शिवला होता. आधी तो माणूस ड्रायव्हर होता, पुढे हिशेबनीस, आणि हल्ली बदलून गेलेले मोठे साहेब.

घरी मामी दार उघडतानाच विचारायच्या, "लागला का हो पत्ता?"

"मोठे साहेबच. माझी खात्री आहे."

"छे! साहेब ढेरपोटे. तुम्ही माप नीट बघा."

"माप बघायला मी काय शिंपी आहे?"

"शिंपी नाही, पण भोचक आहात. तेवढ्यावर भागतं."

एका मंगळवारी सकाळी तीन नंबरच्या खिडकीशी एक फरशी बसवणारा माणूस आला. केसांत सिमेंट, अंगात पांढरा सदरा. रात्रीच्या बसमध्ये पिशवी चोरीला गेली होती, पासपोर्टासकट.

"बाई, उद्या दुपारच्या विमानात जागा मिळालीय. परवा सकाळी बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. ती म्हणते, तुम्ही डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही."

"हट्टी आहेत का?"

"एकवीस वर्षं झाली लग्नाला. अजून एकदाही हरलेली नाही."

"आणि डॉक्टर?"

"ते म्हणतात, आता पुढे ढकललं तर आम्ही जबाबदार नाही."

बाईंनी पाणी दिलं, जेवणाची चौकशी केली. आडोशापलीकडे मामांचे कान टवकारलेलेच होते. थोड्या वेळाने त्यांना कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज. "हात पुढे करा. अहो, लाजायचं काही कारण नाही."

मामा खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात त्यांच्या खिडकीशी कोणीतरी खाकरलं आणि त्यांना परत बसावं लागलं. रांग संपवून ते आडोशाशी पोचेपर्यंत कपाट बंद झालं होतं. दुपारी दाखला समोर आला. मामांनी फोटोचा कोपरा नेमका हेरून शिक्का ठोकला आणि आपल्या विचारात बुडून गेले.

बुधवारी बारा वाजता विमानतळावरून फोन आला. तिथल्या तपासनिसाने फरशीवाल्याला अडवून बसवलं होतं. दाखला खोटा आहे, असं त्याचं म्हणणं. गेल्या तीन महिन्यांत असे दाखले घेऊन गेलेल्या अकरा माणसांच्या फोटोंत एकच निळा शर्ट होता. वरून दुसरं बटण डाळिंबी, बाकीची निळी. कोणीतरी एका खोलीत बसून कागद छापतंय, ही टोळी आहे, असा त्याने तर्क काढला होता.

बाईंनी दाखल्यांच्या प्रती काढून टेबलावर पसरल्या. मामांनी चष्मा पुसून पाहिलं. काळे, गोरे, टकले, दाढीवाले, आणि प्रत्येकाच्या अंगात तोच शर्ट. स्वतःच्या हाताने त्यांनी या प्रत्येकावर शिक्का मारला होता. पण त्यांचं लक्ष आठ वर्षं फोटोच्या कोपऱ्यावर, फोटोत कोण आहे आणि काय ल्यालंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच.

"पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा घातला की नुसतं मुंडकं तरंगतं," बाई कपाट उघडत म्हणाल्या. "तसा फोटो चालत नाही. चला."

"मी कशाला?"

"शिक्का तुमचा आहे ना?"

विमान सुटायला पावणेदोन तास होते. विमानतळावरच्या त्या खोलीत फरशीवाला बाकाच्या कडेला बसला होता, डोळे भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलेले. तपासनीस सावकाश बोलणारा, हातात भिंग. बाईंनी शर्ट पुढे ठेवला. तो हलला नाही. म्हणाला, शर्ट एक असेलही. पण अकरा माणसांत कोणी काडी, कोणी कोठी. सगळ्यांना तो बेतून शिवल्यासारखा कसा बसतो? म्हणजे फोटोला अंगं नंतर चिकटवलेली आहेत.

प्रश्न बिनतोड होता. मामांनाही पटला.

"मामा," बाई म्हणाल्या, "कोट काढा."

"मी?"

"हात पुढे करा. अहो, लाजायचं काही कारण नाही."

मामांचा देह चांगला भरलेला. तरी शर्ट समोरून झकास बसला, गळ्यापासून पोटापर्यंत एक सुरकुती नाही. मग बाईंनी त्यांना खांद्याला धरून गर्रकन वळवलं. शर्टाला पाठच नव्हती. कॉलरपासून खालपर्यंत उभा कापलेला आणि मधे तीन नाड्या. काडीला घट्ट बांधायच्या, कोठीला सैल सोडायच्या.

तपासनिसाने भिंग खाली ठेवलं. उठून एक नाडी ओढून पाहिली, सोडली, पुन्हा ओढली. मामा कठपुतळीसारखे हलले. मग तो असा हसला, की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला. हसतहसतच त्याने दाखल्यावर सही केली.

"पळा," बाई फरशीवाल्याला म्हणाल्या. "वहिनींना टेबलावर चढवा आधी."

परतीच्या गाडीत मामांना राहवेना. "ते सगळं कळलं. पण बाई, शर्ट मुळात कोणाचा?"

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मामी बऱ्या आहेत ना?"

"त्यांचा इथे काय संबंध?"

"सहज विचारलं."

सोमवारी तीन नंबरच्या खिडकीवर फोन वाजला. पलीकडे फरशीवाला. मामांनी कान प्लायवूडला लावला.

"चढली बाई, आणि उतरलीसुद्धा! सुखरूप. पण काय सांगू, आज जरा बसती झाली, हातात दाखला घेतला, फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न काय, तर हा शर्ट कोणाचा? वकिलातीचा म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, वकिलात कधी डाळिंबी बटण लावते का, हा बायकोचा हात आहे."

"बरोबर ओळखलं त्यांनी," बाई म्हणाल्या, आणि आवाज जराही खाली न आणता त्यांनी सांगून टाकलं.

शर्ट शिक्केमामांचा होता. आठ वर्षांपूर्वी शिक्क्याच्या शाईची बाटली पाठीवर उलटली, म्हणून त्यांनी तो ऑफिसच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. बाईंनी तो उचलला, शाईची पाठ कापून काढली आणि नाड्या लावल्या. डाळिंबी बटण मामींनी लावलेलं होतं.