हिरव्या चौकटीच्या आत

ग्रीकांचं तत्त्वज्ञान मी कॉलेजात इंग्रजी पुस्तकांतून शिकवते, याची मला कायम चीड येते. त्यांचे जुने अनुवाद अरबीत आहेत, म्हणून शहागंजमागच्या गल्लीत एका मौलवीसाहेबांकडं अरबी शिकायला जाऊ लागले. एका दुपारी त्यांनी घरातलं जुनं हस्तलिखित पुढ्यात ठेवलं. पानाच्या मधोमध ग्रीक गुरूचं म्हणणं अरबीत उतरवलेलं, त्याला हिरवी चौकट आणि चौकटीबाहेर समासात मौलवीसाहेबांच्या पणजोबांनी लिहिलेलं भाष्य.

मी पान उलटलं आणि मधला मजकूर चौकटीसकट सुटून माझ्या मांडीवर पडला. उचलायला गेले, तर भुगा झाला.

"तांब्याच्या गंजाची शाई आहे," ते शांतपणे म्हणाले. "शोभेसाठी आखली, तिनंच कागद खाल्ला."

भोकाभोवतीचं भाष्य मात्र शाबूत होतं. मी अडखळत वाचलं, 'गुरूला इथं असं म्हणायचं नाही.' कसं म्हणायचं नाही, ते बघायला मधे काही उरलंच नव्हतं.

मी घाबरून हस्तलिखित मिटायला लागले. त्यांनी मान हलवली. "मिटून ठेवलं तरी ती खातच राहते. पढना है तो आजच पढ लेव, मॅडम."

मी पुढचं पान उलटलं. ते सुटायच्या आत जेवढं कळलं, तेवढं मराठीत उतरवलं. दोन शब्दांची खात्री नव्हती. पडताळायला पुन्हा पाहिलं, तर तोवर तिथंही भोक पडलं होतं.

तो अनुवाद मी वर्गात शिकवते; माझे विद्यार्थी आता त्यातले नेमके तेच दोन शब्द गुरूचे म्हणून पाठ करतात.