माणसं बसवून घेतलेलं माप

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी शिफ्टला होतो. घर खुटबावला. दारात एक पांढरी छोटी गाडी होती, दुसऱ्याची वापरून झालेली. त्या गाडीने मला असं काही वेड लावलं होतं की वाफेच्या पाइपांखाली उभा असलो तरी ती डोळ्यांपुढून जमिनीलगत तरंगत जायची. चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट, बस्स.

गाडी खाली बसावी म्हणून एका सुट्टीला गॅरेजमध्ये जाऊन मी तिच्या चारही स्प्रिंगा कापून आणल्या. मूळची बारा इंची चाकं काढून तेरा इंची मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची शोभेची चाकं, बसवायची होती; तोवर गाडी तात्पुरती जुन्याच चाकांवर उभी होती. वडील, म्हणजे आमचे आबा, तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"गाडी बसली व्हय रं?"

"बसली न्हाई आबा, मुद्दाम बसवलीय."

"मंग उठंल कवा?"

बायको दारातच हसायला लागली.

आबांचं तरुणपण मेंढरांमागे गेलेलं. दिवाळी झाली की कवठे येमाईच्या माळावरून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या आत परतायचं आणि मग न्हावऱ्या-शिरूरकडे चारायचं. सगळं पायी. पुढे खुटबावला जमीन घेतली आणि ते थांबले. त्यांना माझ्या वेडाचं काय सांगणार?

टायर घ्यायला दौंडला गेलो. दुकानाच्या मालकांना सगळे मामा म्हणायचे. मला रुंद टायर हवे होते, एकशे पंचाहत्तर-साठचे. म्हणजे रुंदी एकशे पंचाहत्तर मिलिमीटर आणि उंची त्या रुंदीच्या साठ टक्के. मामांनी टायरवर हात ठेवला.

"रिकाम्या गाडीत बसंल हे. माणसं बसली की घासंल. गाडी खाली घेतलीया तुम्ही."

"बघू मामा. दिसाय भारी दिसतंय."

मॅगव्हीलवर चढवल्यावर दिसायला खरंच भारी दिसलं. दौंडहून खुटबावपर्यंत मी एकटा आलो. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले, त्यांवर तिरपं ऊन. रस्ता आपल्याखालून नाही, आपल्यातूनच वाहतोय असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात कवठ्याला थोरल्या बहिणीच्या मुलाचं जावळ होतं. आबा, बायको, धाकटी बहीण आणि मी निघालो. मागे भांडी आणि गव्हाचं पोतं. पारगावचा पूल ओलांडला, पहिला खड्डा आला आणि खर्रर्र! रबर जळाल्याचा वास. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. मग खराब रस्ता आला की तिघं खाली उतरायचे, मी गाडी पुढे न्यायचो आणि ते चालत येऊन बसायचे. न्हावऱ्यापर्यंत असंच चाललं. तिथे त्यांना सामानासकट एसटीत बसवून मी गाडी परत आणली. जावळाला मी नव्हतोच. तेच मला लागलं.

रविवारी आबा गाडीपाशी उकिडवे बसले.

"कुठं घासतंय?"

"काय म्हाईत. चालवताना दिसत न्हाई."

"दिसत न्हाई तर ठसा घे की." खुराच्या ठशावरून कुठली मेंढी लंगडतेय ते त्यांना कळायचं. "आन् रिकाम्या गाडीचं माप घिऊ नगो. माणसं बसवून घे."

बायको घरातून घट्ट मळलेली कणीक घेऊन आली. तिचे गोळे करून मी मडगार्डच्या आतल्या कडेला जागोजागी चिकटवले. मग आबा, बायको, बहीण आणि शेजारच्या काकू गाडीत बसले. काकूंना हसू आवरेना. मी अंगणात गोल फिरलो, स्टेअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवलं, मुद्दाम उंचवट्यावरून गेलो. लग्नाच्या वरातीसारखी आम्ही आमच्याच घराला प्रदक्षिणा घालत होतो आणि आबा काचेतून गंभीर तोंडाने बाहेर बघत होते.

उतरून पाहिलं. आतल्या बाजूची कणीक जशीच्या तशी होती. बाहेरच्या कडेची मात्र सपाट खरवडून निघालेली, तीवर टायरची नक्षी उमटलेली.

ते गोळे कागदात गुंडाळून दौंडला नेले. मामा आधी पोट धरून हसले, मग चष्मा लावून पट्टी काढली.

"एकशे पंचावन्न-पासष्ट घ्या. उंची तुमच्या जुन्या चाकाएवढीच राहती, स्पीडचा मीटर चुकायचा न्हाई. रुंदी दोन सेंटिमीटरनं कमी. म्हंजी भाईरल्या अंगाला एक सेंटिमीटर मोकळं. एवढंच पायजे तुम्हाला."

माझे टायर त्यांनी परत घेतले, नवे चढवले. गाडी मला जरा किडकिडीत वाटली. घरी येईपर्यंत मन खट्टू होतं. सकाळी पहिल्या पाळीला जाताना कोवळ्या उन्हात तिची सावली पाहिली आणि पुन्हा जीव जडला.

मग आबांनाच म्हणालो, "चला, कवठ्याला जाऊन येऊ." या खेपेला पाचजण होतो, काकूही आल्या. पारगावचा पूल ओलांडला, तो खड्डा आला. मी श्वास रोखला. गाडी हलकेच खाली गेली, वर आली. आवाज नाही.

न्हावऱ्याच्या पुढे आबा बोलायला लागले. या लिंबाखाली मेंढरं बसवायचो, त्या ओढ्याला पाणी पाजायचो, इथनं तुझी आई घोड्यावर कोंबड्या बांधून चालायची. मी गाडी इतकी हळू चालवत होतो की सायकली पुढे जात होत्या. त्यांनी पायी तुडवलेली वाट काचेबाहेरून सरकत होती.

शिरूर मागे पडलं आणि आबांचा आवाज थांबला. आरशात पाहिलं, तर मान मागे टाकून ते झोपले होते. दिवसाउजेडी झोपलेले आबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

कवठ्याच्या माळावर पोचलो. बायका उतरून घराकडे गेल्या. मी इंजिन बंद केलं आणि आबांना न उठवता तिथेच बसून राहिलो.