मागून आणलेलं झबलं

आमच्याकडे मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. पाळणा नाही, दुपटं नाही, साधं टोपडंसुद्धा नाही. जन्मल्यावर पहिल्यांदा अंगात घालायचं झबलंही जुनं असतं, दुसऱ्याच्या धडधाकट पोराचं, मागून आणलेलं. कोल्हापुरात आता बाळांच्या कपड्यांची दुकानं पावलोपावली आहेत, पण ही रीत काही सुटलेली नाही. मला रीतींचं फारसं कौतुक नाही. तरी माझ्या लेकाचं बारशानंतरचं एक झबलं मी जपून ठेवलं होतं, कारण ते माझ्या आईनं तिच्या जुन्या लुगड्यातून शिवलं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. नवरा इचलकरंजीला मागावर पाळीनं काम करतो, त्याची आई त्यांच्याजवळच असते. सुनेचे दिवस भरत आले तशी सासू वर आली. ‘‘तुमचा ल्योक कसा उंचापुरा हाय. त्येचं एक झबलं द्या की.’’ मी दिलं.

मुलगी झाली. झबलं एकदाच तिच्या अंगाला लागलं, मग तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि बारशाच्या आधीच ती गेली. मी भेटायला खाली गेले तर बायका त्या सुनेला सांगत होत्या, ‘‘वय हाय अजून, हुईल की दुसरं.’’ जसं काही दुधाचं पातेलं सांडलं होतं. तोंड उघडलं तर भांडण होईल म्हणून मी उठून आले.

काही दिवसांनी पहिली पाळी संपवून तिचा नवरा दारात आला. हातात पिशवी. झबलं धुऊन, इस्त्री करून आणलं होतं.

‘‘काकू, आईनं परत द्यायला सांगितलंय.’’

पिशवी पुढं केली, पण सोडेना. मी हात लावला तरी त्याची बोटं सुटेनात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या घरात त्या मुलीचं दुसरं काहीच नव्हतं. फोटो नाही, नाव नाही, आणि आधी काही आणायचं नाही म्हणून एक खुळखुळाही नाही.

‘‘परत कशाला? तुझ्या लेकीचं हाय त्ये. कपाटात ठेव, आन् आईला सांग, काकूंनी घेतलं न्हाय.’’

तो पिशवी घेऊन खाली गेला. माझ्या आईच्या हातची वस्तू गेली याचं मला वाईट वाटलं, आणि ते पुढं बरेच दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर बिल्डिंगमध्ये कुणाचं डोहाळजेवण असलं की बायका खालच्या पोरीला बोलवायला हटकून विसरू लागल्या.

यंदा माझ्या सुनेचे दिवस भरत आले. लेकाचा पुण्याहून फोन आला, ‘‘आई, माझं झबलं ठेवलंयस ना?’’ मी म्हटलं, ते दिलंय, पण मागून आणते. कुणाकडून ते सुनेला नीट सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आणा.’’ तरी जिना उतरताना माझ्याही मनात पाल चुकचुकली. चुकचुकू दे म्हटलं आणि बेल दाबली.

सासूनं ऐकलं आणि तिचा चेहराच पडला. ‘‘अवो, आमच्यातलं कशाला? दुसरीकडं बघा की.’’

‘‘झबलं लेकराच्या आईकडं मागत्यात,’’ मी म्हटलं. ‘‘मी हिच्याकडं आलेय.’’

 पोर आत गेली. नवरा जेवत होता, तो ताटावरून उठून तिच्या मागं गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. आली तेव्हा तिच्या हातात झबलं होतं. त्याची इस्त्री पार मोडून गेली होती, रोज कुणी हाताळत असल्यासारखी.

तिनं ते माझ्या हातात दिलं. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

‘‘परत द्यायचं बरं का, काकू. माझ्या लेकीचं हाय त्ये.’’