मीठवाल्यांचा राजीनामा

माझ्या लेकीने अकरावीच्या उन्हाळ्यात एक राज्य वसवलं. जागा आमचीच, तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरची बाहेरची खोली. जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं चिकटवून तिने नकाशा केला होता. त्यावर डोंगर, नद्या, एक घाट, घाटात बसलेला ड्रॅगन आणि चार खानदानी घराणी. एकाकडे लोखंडाच्या खाणी, एकाकडे घोडे, एकाकडे गहू आणि एकाकडे खाऱ्या पाण्याचं सरोवर, म्हणजे मीठ. तलवारी फारशा चालत नसत. सगळा खेळ देवघेवीचा, सोयरिकींचा आणि घाट कुणाच्या ताब्यात यावरच्या कुरघोड्यांचा. मसूर ही चांदी आणि राजमा हे सोनं. माझ्या डब्यातला राजमा असा खजिन्यात गेल्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्याकडे तो शिजलाच नाही.

मला या खेळाचं कौतुक नव्हतं, हे सांगून टाकते. आठवडाभर सरकारी कचेरीत फायली ढकलणाऱ्या बाईला रविवारची दुपार आडवं व्हायला हवी असते. आणि इथे बाहेर पोरं ओरडायची, "ड्रॅगन को टैक्स कौन देगा?" मी आतून म्हणायची, ड्रॅगनला म्हणावं आधी पंख्याचं बिल भर. लेक म्हणायची, "आई, तू माहोल खराब करते." तिचं मराठी हे असं. मी पुण्याची, त्यामुळे माझ्या कानाला ते खड्यासारखं लागायचं. पण भोपाळमध्ये जन्मलेल्या पोरीचं व्याकरण किती सुधारणार?

खेळायला चौघं यायची. वरच्या मजल्यावरची एक मुलगी लोखंडवाली होती, शेजारच्या गल्लीतल्या दोन भावांकडे घोडे आणि गहू. मिठाचं घराणं ज्या मुलाकडे होतं त्याच्या वडिलांची बदली झाली आणि पावसाळ्याच्या तोंडावर मीठ बेवारस झालं. तेव्हा माझा नवरा, म्हणजे आमच्या पिढीच्या भाषेत 'हे', वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "मी घेऊ का मीठ?"

हे मूळचे नागपूरचे. भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून भोपाळला आले आणि इथलेच झाले. पोरसवदा वयात लागलेली तीच नोकरी करत सुपरवायझर झाले. रोज सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसला जायचे, संध्याकाळी रिकामा डबा ओट्यावर ठेवायचे. कामाबद्दल घरी फार बोलायची सवय नाही. पण सकाळी बूट घालताना शीळ घालायचे, त्यावरून मला कळायचं की या माणसाला कामावर जायला आवडतं.

खेळात मात्र ते अगदीच भोळे निघाले. पुराने घाट बंद झाला की मिठाचा भाव वाढवायचा, हे पोरांनासुद्धा कळत होतं. हे म्हणायचे, "मिठाचा कायले वाढवायचा? मीठ सगळ्यांनाच लागते." पोरं हसायची. "अंकल, आप तो दिवालिया हो जाओगे." मी चहा ठेवताना म्हणायची, यांना राज्य मिळालं तरी रेशनचंच दुकान चालवतील. तेही हसायचे. खरं सांगायचं तर हळूहळू मी रविवारी आडवं होणं सोडलं आणि दारात खुर्ची टाकून बसायला लागले.

त्याच सुमाराला त्यांच्या कारखान्यात पुण्याहून नवे साहेब आले. ज्या दिवशी आले त्या संध्याकाळी हे खूश होते. "मराठी आहेत. अगदी तुझ्यासारखं बोलतात." मीही खूश झाले. परमुलखात आपल्या भाषेचा साहेब म्हणजे आपला माणूस, असं वाटतंच. मी तर त्यांच्यासाठी चकल्या बांधून दिल्या. मग साहेबांचा विषय घरात निघेनासा झाला. शीळ कधी बंद झाली, ते माझ्या लक्षात आलं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मीठवाले कोंडीत सापडले. घोडेवाल्यांनी लोखंडवाल्यांशी सोयरीक जुळवली, दोघांनी मिळून ड्रॅगनला भरपूर चारलं आणि घाट ताब्यात घेतला. सरोवराकाठी मिठाचे ढीग पडलेले आणि बाहेर न्यायला वाट नाही. हे नकाशाकडे नुसते बघत बसले. तेव्हा लोखंडवाली मुलगी, बिचारी चांगल्या मनाने, म्हणाली, "अंकल, जिद मत करो. राजीनामा कर लो, बच जाओगे."

यांनी टेबलावर हात आपटला.

"नाही देणार मी राजीनामा! एकदा सांगितलं ना! कुठं बसवायचं तिथं बसवा मला, पण देणार नाही!"

वाटी उलटली, मसूर सगळ्या खोलीभर. पोरांना मराठी फारसं कळत नव्हतं, पण आवाज कळला. ती मुलगी "सॉरी अंकल, सॉरी" म्हणत उभी राहिली. माझी लेक घाबरून म्हणाली, "बाबा, तो वाला राजीनामा नाही! सुलह वाला. हिंदीत राजीनामा म्हणजे तह. भांडण मिटवायचं. त्यांचं वरचढपण मानायचं आणि आपलं घराणं वाचवायचं."

"हो का," हे म्हणाले. मग खाली बसून मसूर वेचायला लागले.

हिंदीतला राजीनामा यांना माहीत नव्हता असं मुळीच नाही. इतकी वर्षं भोपाळमध्ये काढलेल्या माणसाने तो शंभर वेळा ऐकलेला असतो, गल्लीतली भांडणंसुद्धा राजीनाम्यानेच मिटतात. पण तो शब्द त्यांच्या डोक्यात मराठीतून शिरून बसला होता, आणि तिथे त्याचा दुसरा काही अर्थ उरला नव्हता. पोरं लवकर निघून गेली. मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि विचारलं, "कोण मागतंय तुमच्याकडे राजीनामा?"

साहेब मागत होते. नवीन यंत्रं आली होती, जुनी माणसं जड झाली होती. साहेबांनी यांना केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून, शुद्ध मराठीत सांगितलं होतं, "आपण एका मातीतली माणसं, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. स्वतःहून राजीनामा दिलात तर सन्मानाने जाल." हे नाही म्हणाले. तेव्हा त्यांना त्यांच्या कामावरून उठवून जुन्या गोदामापाशी एका खुर्चीवर बसवलं. काम काही नाही. जाणारे-येणारे बघून जायचे.

"मग दिवसभर करता काय?"

"बसून राहतो."

"कधीपासून?"

"श्रावण लागला तेव्हापासून."

म्हणजे इतके दिवस मी पहाटे उठून जो डबा भरत होते, तो ते एका खुर्चीवर रिकामे बसून खात होते. मला इतका संताप आला की मी ओट्यावरची ताटं उगीचच दोनदा धुतली. म्हटलं, "काढायचं तर काढू दे ना त्यांना! बघू काय कारण देतात!"

"तेच तर. काढायला कारण लागते," हे म्हणाले. "राजीनाम्याला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कचेरीतल्या कायदा जाणणाऱ्या एका बाबूंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मैडम, निकालते तो लड़ते. बिठा रखा है तो किस बात पर लड़ोगे? पगार तो दे रहे हैं." खरंच होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घर जाणार नव्हतं, क्वार्टर माझ्या नावावर. उपाशी राहणार नव्हतो. जात होता तो माणूस, रोज थोडा थोडा, आणि त्याबद्दल तक्रार कुठल्या खिडकीवर करायची ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या तक्रारी नोंदवून घेण्यात माझं आयुष्य गेलं, त्या मला.

कार्तिकात इथल्या मराठी मंडळाचं आवळीभोजन असतं. भदभदा धरणाच्या पुढे एका बागेत आवळ्याखाली पंगती बसतात. साहेब सपत्नीक आले होते. मी आठवडाभर मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती, चांगली धारदार, पुण्याला शोभतील अशी. हातात आमटीचं भांडं घेऊन मी पंगतीत वाढत गेले आणि त्यांच्या पानासमोर पोचले. ते मान वर करून म्हणाले, "वहिनी, किती दिवसांनी अशी कटाची आमटी! इथे कुणाला जमत नाही हो." यांचं पान तीन माणसं सोडून पलीकडे होतं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी जराशी मान हलवली, नको म्हणून.

"अजून वाढू?" मी विचारलं.

"अर्धी पळी," साहेब म्हणाले. मी वाढली. त्या अर्ध्या पळीची आजही मला शरम वाटते आणि चीडही येते. पण त्या जागी उभं राहून दुसरं काय करता आलं असतं, ते अजून सुचलेलं नाही.

खेळ पुढे चालू राहिला. पोरांना लेकीने काय सांगितलं कोण जाणे, पण ती यांच्याशी फार सांभाळून खेळायला लागली. ड्रॅगनला अचानक मीठ आवडायला लागलं. घोडेवाल्याचे घोडे ऐन वेळी आजारी पडायचे. हे सगळं ओळखून होते. तरी मसूर मोजून डाव पुढे चालवायचे. खेळात तरी जिंकू द्यावं असं त्या पोरांना वाटत होतं, आणि दया आली की जिंकण्यात काही उरत नाही, हे त्यांना कोण सांगणार. मी तर नाहीच. मीही डब्यात रोज काहीतरी गोड घालत होते.

थंडी पडल्यावरचा एक रविवार. घाट पुन्हा बंद. लेकीने नकाशावर बोट ठेवलं. "बाबा, इथून एक गुप्त रस्ता आहे. समुद्राकडे जातो. फक्त मीठवाल्यांना माहीत आहे."

यांनी चष्मा वर करून पाहिलं. पेन्सिलीची रेघ ताजी होती. "मागच्या रविवारी हा रस्ता नव्हता, बेटा."

"गुप्त होता ना."

हे हसले. खूप दिवसांनी असं मनापासून हसले. मग लोखंडवाल्या मुलीकडे वळून हिंदीत म्हणाले, "छोड़ो रास्ता-वास्ता. थक गए अपन. राजीनामा."

पोरांचा जीव भांड्यात पडला. घोडेवाला उठून नाचला. लेकीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, दारातून मीही. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं, चला, त्या शब्दाची भीती गेली एकदाची. आता तो त्यांच्यासाठी नुसता खेळातला शब्द झाला. मी आत जाऊन उत्साहाने शेवया भाजायला घेतल्या.

बाहेर हे विचारत होते, "म्हणजे आता मीठवाला उद्यापासून काय करेल?"

"तेच, बाबा," लेक म्हणाली. "मीठच विकेल. सरोवर त्याचंच. फक्त झेंडा त्यांचा."

"बरं आहे मग," हे म्हणाले. "चांगला आहे तुमचा नियम."

सोमवारी पहाटे मी नेहमीसारखा डबा भरला. पोळ्या, मेथीची भाजी, आदल्या दिवशीची थोडी खीर. हे अंघोळ करून आले आणि बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले. नकाशा तसाच पसरलेला होता. बस यायची वेळ झाली तरी बूट घालेनात. मी दारातून म्हटलं, "अहो, उठा. बस जाईल."

"जाऊ दे."

"बरं नाही का? कपाळ बघू."

"बरं आहे मला. डबा नको आज." त्यांनी नकाशावरचा राजम्याचा दाणा उचलून वाटीत टाकला. "काल सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

"राजीनामा," ते म्हणाले. "शुक्रवारी दिला. घरात शब्द फुटत नव्हता तोंडातून. काल म्हटलं, पोरांच्या गडबडीत सांगून टाकू."

मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. रस्त्यावर कंपनीची बस थांबली. ड्रायव्हरने सवयीने एकदा हॉर्न वाजवला, थोडी वाट बघितली, मग निघून गेला.

"मला वाटलं, खेळातला," मी म्हटलं.

"हो, ते लक्षात आलं माझ्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट माझीच समजूत काढल्यासारखं बोलले. "तू पण टाळ्या वाजवल्यास."