सुयांच्या खोलीतला हात

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनात चुका आहेत. चौथीपर्यंतच शिकले. ही वही कुणाच्या हाती लागली तर माफ करावं.

आज शेजारणीनं डासांसाठी वाळका पाला पेटवला. त्या वासानं मी हिंगोलीच्या सुयावाल्या डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन पोचले. मालकांवरून वारं गेलं होतं. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. लुळ्या हातात बारीक सुया उभ्या होत्या आणि बाई पाल्याची जळती कांडी जवळ धरून शेक देत होत्या.

"सुईपाशी जड वाटलं, मुंग्या आल्या, तरच इलाज लागू पडतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांचा चांगला हात धरा. जाणवलं तर ते दाबतील."

मी हात धरला. तो हलला नाही. मालक नुसते माझ्याकडं बघत राहिले.

"दाबला का गं?" अक्कानं विचारलं. इलाजासाठी माझ्या या थोरल्या बहिणीनं शेळी विकून पैसे उसने दिले होते.

"व्हय, दाबला."

"बघ! माझी शेळी फुकट न्हाई गेली!" अक्का हसली. मालकांनी डोळे मिटले.

तेव्हा वाटलं, हात दाबायचा हे त्यांना कळलंच नसेल. आता कळतं, हात न दाबून त्यांनी खरं तेच सांगितलं होतं आणि मी ते खोडून टाकलं. पुढं महिनाभर ते माझ्या शब्दावर सुया सोसत राहिले. मग गेले.

आज सकाळी अक्काला शेवटचे पाचशे दिले. तिनं माझा हात दाबला. म्हणाली, "फिटलं गं सगळं."