आत्या पट्टी विचारत नाही

पोस्टरवर माझ्या नावापुढे ‘सोल कीबोर्डिस्ट’ असं छापतात, म्हणजे छापलं तर. बहुतेक वेळा मी ‘आणि सहकारी’मध्ये असतो. नामवंत बँडांबरोबर बरीच वर्षं वाजवतोय, पण फोटोत ड्रमच्या मागून फक्त माझं कोपर दिसतं. आमच्या गल्लीला तेवढं पुरतं. कोपर ओळखून लोक फोन करतात.

सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून बाहेर पडलेलं गाणं. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका टेप दुरुस्तीच्या दुकानात ते पहिल्यांदा कानावर पडलं आणि वाटलं, हे तर आमच्या चौदा एप्रिलच्या जयंतीचंच आहे. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची आणि मधल्या जागेत पेटीनं रडून घ्यायचं. फरक एवढाच, की त्यांची पेटी सुरात होती.

आमची पेटी वडील वाजवायचे आणि त्यांची बहीण, म्हणजे माझी आत्या, गायची. आत्या कधी पट्टी विचारत नाही. काळी एक की पांढरी चार, ही तिच्या लेखी पेटीवाल्याची कटकट. माइक हातात आला की ती सुरू होते आणि पहिली ओळ संपायच्या आत तिला गाठायचं. ती चढली की चढायचं, उतरली की उतरायचं. वडिलांचे हात थरथरायला लागल्यावर हे काम माझ्याकडे आलं. माझं संगीताचं शिक्षण म्हणायचं तर एवढंच.

पुढे एका फार मोठ्या बँडनं मला बदली म्हणून घेतलं. त्यांचा एक कार्यक्रम कोल्हापुरातच होता, आणि तो नीट झाला तर मला कायमचं घेणार होते. मी गल्लीभर पास वाटले. आत्या नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागली, “पावणं, त्यो कोपऱ्यातला आमचा हाय.”

शेवटच्या गाण्याची सुरुवात फक्त गायिका आणि मी, अशी होती. मग ड्रमवाला बटण दाबणार आणि लॅपटॉपमधली व्हायोलिनं येणार. बाईंचा घसा बसला होता. दुसऱ्या ओळीला त्या अर्धा सूर खाली आल्या. मी विचार केला नाही, त्यांच्याबरोबर खाली उतरलो. बाईंना बरं वाटलं, त्यांनी माझ्याकडे बघून मानही हलवली. तेवढ्यात बटण दाबलं गेलं आणि व्हायोलिनं मूळच्या सुरात घुसली. लग्नाची वरात आणि मयत एकाच चौकात आल्यासारखं झालं. लॅपटॉप बंद करून गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.

स्टेजमागे बँडचे प्रमुख म्हणाले, “आपण लॅपटॉपबरोबर वाजवतो. गायिकेबरोबर नाही.”

बाई तिथंच गरम पाणी पीत होत्या. त्यांनी पेल्यात आणखी पाणी ओतून घेतलं. मला प्रमुखांच्या त्या वाक्याचा फार राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पण नोकरी हवी होती. मी म्हटलं, “पुन्हा होणार नाही.” त्यांनी मला ठेवून घेतलं. बाहेर आत्या उभी होती. ती म्हणाली, “बाई उतरली, तू बी उतरलास. बरोबर क्येलंस.” मी तिला रिक्षात बसवून दिलं.

त्यानंतर सगळे दौरे मी शहाण्या मुलासारखे केले. दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं खुपसायची, त्यातून येणारी लॅपटॉपची टिकटिक आणि प्रमुखांच्या सूचना ऐकायच्या, टिकटिकीनं चार आकडे मोजले की हात ठेवायचा. बाई सुरात आहेत की कोल्हापुरात, मला पत्ता नसायचा. सगळे माझं कौतुक करू लागले.

जयंतीला मी घरी आलो. मंडपात कीबोर्ड लावला. समोर वडील खुर्चीत बसले होते. आत्यानं माइक घेतला आणि नेहमीसारखी सुरू झाली. माझी बोटं पट्ट्यांच्या वर तशीच अधांतरी. एक ओळ गेली, दुसरी गेली. मी कुणीतरी चार आकडे मोजायची वाट बघत होतो.

आत्या गाताना कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबली, मागं वळली आणि माइकमधूनच म्हणाली, “कुणाची वाट बघालायस रं? गाणं सुरू झालंय की.”

सगळा मंडप हसला. वडील हसले नाहीत. ते मांडीवर थरथरत्या बोटांनी तिचा सूर शोधत होते आणि त्यांना तो सापडला होता. मला भीती वाटली, खरीखुरी, की आपल्याकडचं होतं ते गेलं. आत्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं, अर्थात वेगळ्याच पट्टीत. पहिल्या ओळीत ती मला सापडली नाही. दुसरीत सापडली. मग रडू येत होतं म्हणून मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

अजून त्याच बँडमध्ये आहे. पण आता स्टेजवर एका कानातलं बोंड काढून ठेवतो आणि तो कान बाईंकडे करतो. प्रमुख चिडून ओरडतात, ते दुसऱ्या कानात.